सातबाऱ्यावर भात, शेतात तिवर

आमच्या माहेरच्या सातबाऱ्यावर अजून भातच आहे आणि शेतात मात्र डोक्याच्या वर गेलेला तिवर, म्हणजे खाडीच्या चिखलात वाढणारं कांदळवनातलं झाड. ई-पीक पाहणीचं ॲप आलं तेव्हा भाऊ मोबाईल घेऊन बांधावर उभा, पिकांच्या यादीत वरखाली करतोय, तिवर कुठे सापडेना, शेवटी पडीक टाकून घरी आला. आता त्या पडीक जमिनीत खेकडे आहेत, निवट्या (चिखलावर सरपटणारे छोटे मासे) उड्या मारतायत, बगळे बसतात, म्हणजे गर्दी भात होता तेव्हापेक्षा जास्तच असेल, फक्त आमच्या उपयोगाची नाही एवढंच.

हे सगळं धरमतर खाडीच्या काठचं, अलिबाग-पेणच्या खारेपाटातलं. चरीचा शेतकरी संप झाला तोच हा पट्टा, १९३३ ते १९३९, नारायण नागू पाटलांच्या मागे कुळांनी सहा वर्षं खोतांची जमीन कसली नाही. शाळेत एवढं शिकवतात. पण ती जमीन मुळात खाडीकडून हिसकावून घेतलेली होती हे फारसं कोणी सांगत नाही. आपल्या आधीच्या कित्येक पिढ्यांनी चिखल उचलून बांध घातले, भरतीचं पाणी बाहेर ठेवलं, आतलं पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायला उघाड्या बसवल्या. उघाडी म्हणजे एका बाजूनेच उघडणारं दार, आतून पाण्याचा दाब आला की उघडतं आणि बाहेरून भरती आली की आपोआप मिटतं, वीज नाही मोटर नाही. बांध सांभाळायची जबाबदारी ज्यांच्याकडे असायची ते शिलोत्रीदार, म्हणून पनवेलकडे अजून काही गावांच्या नावात शिलोत्तर आहे. पुढे १९४८ ला खार जमिनींचा कायदा आला, मग १९७९ चा महाराष्ट्र खार जमीन विकास अधिनियम, आणि बांध हळूहळू सरकारचा झाला. जुनी माणसं म्हणतात तिथेच घोळ झाला, आधी बांधाला भोक दिसलं की जो बघेल तो चिखल थापायचा, घरटी एक माणूस जायचा, आता अर्ज करायचा. मला हे अर्धंच पटतं. कारण बांधावर जाणारी ती घरटी एक माणसं आता कामोठे, खारघर नाहीतर कंपनीत शिफ्टला आहेत, आमच्या घरातलीसुद्धा, मीसुद्धा, तर चिखल थापणार कोण.

बांध फुटायला वादळ लागतं असं काही नाही. खेकड्याचं बीळ पुरतं, त्यातून झिरपायला लागतं, मग उधाणाला तिथूनच माती सुटते आणि सकाळी बघावं तर खांड गेलेली, म्हणजे बांधाला भगदाड. खाडीतून बार्ज जातात त्यांच्या लाटांनी बांध खचतात असं आमच्याकडे सगळेच सांगतात. त्यात समुद्राची पातळी, उत्तर हिंदी महासागरात १९९३ नंतर वर्षाला साधारण ३.३ मिलीमीटर वाढ मोजलीय. ऐकायला काहीच नाही वाटत, पण बांधाची उंची आजोबांच्या वेळच्या उधाणावर ठरलेली आणि काठोकाठ आलेलं पाणी बांधावरून जायला किती लागतं, बोटभर.

आता मुख्य मुद्दा, जो काकांनी मला एका वाक्यात सांगितला होता आणि मी बॉटनी घेऊन बीएस्सी केल्यावर मला समजला. काका म्हणाले, "बाय, पानी यकदा आयला तं पीक जातंय, रोज याला लागला का शेत जातंय."

एकदा आलेलं खारं पाणी म्हणजे काय तर मिठाचा मार. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. मुळाच्या बाहेर एवढं मीठ असलं की पाणी असूनही मुळाला ओढता येत नाही, उलट झाडातलंच बाहेर जायला बघतं, कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं ना अगदी तसंच. म्हणून खारं पाणी भरलेल्या शेतातलं भाताचं रोप पाण्यात उभं राहून तहानेने मरतं. हा पहिला मार. दुसरा हळू असतो, सोडियम आणि क्लोराइड पानांत साठत जातात, आधी जुनी पानं टोकाकडून करपतात, कडा तपकिरी होतात, मग वरची. तिसरा मार जमिनीला. आमची माती चिकण, तिच्या कणांना कॅल्शियम धरून असतो तोवर ती भुसभुशीत राहते, सोडियमने त्याची जागा घेतली की कण सुटे होतात, पावसात गिळगिळीत चिखल आणि उन्हाळ्यात दगड, मधलं काही नाही. नांगर लावलाय कोणी अशा जमिनीला तर त्यालाच विचारा.

भात तसा या बाबतीत नाजूकच. मातीतलं मीठ मोजायचं एकक असतं डेसीसिमेन्स पर मीटर, तर साधारण ३ च्या पुढे गेलं की भाताचं उत्पन्न घसरायला लागतं, समुद्राचं पाणी ५० च्या आसपास. आणि भाताचा सगळा काळ सारखा नाजूक नसतो, एक तर कोवळं रोप असताना आणि दुसरं फुलोऱ्याला. मधल्या काळात तो बऱ्यापैकी सोसतो. आता आपल्याकडचं वेळापत्रक बघा, जूनमध्ये पेरणी तेव्हा वरून पाऊस धो धो आणि खाली उन्हाळाभर वर चढून आलेलं मीठ, आणि फुलोरा भाद्रपदाच्या आसपास, तेव्हा पाऊस ओसरलेला आणि पौर्णिमा-अमावस्येला उधाण जोरात. म्हणजे दोन्ही नाजूक वेळा बरोब्बर वाईट मुहूर्तावर.

तरीपण शेकडो वर्षं तिथे भात पिकला, कारण कोकणातला पाऊस. दोन-अडीच हजार मिलीमीटर पाणी वरून पडतं, मीठ धुवून खाली आणि उघाडीतून बाहेर नेतं. उन्हाळ्यात शेतावर पांढरा थर दिसतो, तो खालचं खारं पाणी केशाकर्षणाने वर येऊन सुकल्याचा, जूनमधल्या पहिल्या दोन-चार मोठ्या सरींनी तो जातो आणि मग पेरायचं. त्यामुळे बांध फुटला, एकदाच पाणी आलं, आणि लगेच बांध बुजवला तर पुढच्या पावसाळ्यात नाही तर त्याच्या पुढच्या पावसाळ्यात शेत परत येतं. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत नागपट्टिणमकडे हेच बघायला मिळालं, समुद्र शेतांवरून फिरून गेला, वाटलं आता संपलं, पण पाऊस पडला, मीठ धुतलं गेलं आणि बऱ्याच शेतांत एक-दोन वर्षांत परत भात उभा राहिला. सुंदरबनात २००९ च्या आयला चक्रीवादळानंतर मात्र तसं नाही झालं, तिथे बांध तुटले ते तुटलेच राहिले, भरती दिवसातून दोनदा शेतात यायला लागली, कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं पीक नाही, आणि शेतकरी जुनी मीठ सोसणारी भाताची वाणं शोधत फिरले. मीठ तेच. फरक बांध किती दिवस उघडा राहिला याचा.

आमचा राहिला. किती कागद फिरले ते सोडा, त्या ऑफिसचं नाव घेऊन काही होणार नाही. पण शेत कसं बदलत गेलं ते मात्र मी नीट बघितलंय, दर सुट्टीला गेले की फोटो काढायचे हा तेव्हा नाद लागलेला आणि आता ते फोटो ओळीने लावले की भीती पण वाटते आणि गंमत पण.

सुरुवातीला काहीच उगवलं नाही. भाताचे खुंट काळे पडून कुजले, बांधावरचं गवत पिवळं. घरामागच्या वाडीत पाझर पोचला तिथे शेवगा सगळ्यात आधी गेला, मग पपई, चिंच बरीच वर्षं अर्धमेली उभी, एका बाजूला पाला आणि एका बाजूला काटक्या. नारळाला फारसं काही झालं नाही, तो मिठाला दबत नाही. बांधावरची करंज आणि भेंडी (भाजीची नाही हो, ती पिवळ्या फुलांची झाडं) ही तर जणू वाटच बघत होती, अजून आहेत. दारच्या तळ्यात पाणी मचूळ झालं, पण तळ्यातला जिताडा मजेत, त्याला गोडं काय खारं काय दोन्ही चालतं. आईचं म्हणणं होतं, चला एक तरी प्राणी खूश आहे.

मग दुसऱ्या पावसाळ्यानंतर शेताच्या उंचवट्यांवर मोरस दिसायला लागली, ती बारीक जाडसर पानांची, लालसर झाक असलेली, चावली तर खारट. तिच्यासोबत खारं गवत, जमिनीला चिकटून पसरणारं आणि टोचणारं. दोन्ही मिठाला घाबरत नाहीत, मोरस तर मीठ आत घेते आणि पानात पाणी साठवून पातळ करते म्हणून तिची पानं जाड. सखल भागात, जिथे भरतीचं पाणी रोज फिरायला लागलं तिथे त्याच दरम्यान तिवराची रोपं. तिवराचं बी झाडावर असतानाच आतून रुजायला लागलेलं असतं, पावसाळ्यात ते पडतं, भरतीबरोबर तरंगत येतं, साल सुटते आणि चिखलाला टेकलं की थोड्याच दिवसांत मूळ धरतं. म्हणजे खाडीत आधीच तिवर होता, त्याला फक्त दार उघडं मिळायला हवं होतं, आणि ते आमच्या खांडीने दिलं. पहिल्या वर्षी घोट्याएवढी रोपं, सुटी सुटी, एखाद्याने बसल्या बसल्या उपटून टाकली असती. तीन-चार वर्षांत माणसाच्या उंचीची आणि त्यांच्याभोवती चिखलातून पेन्सिलीएवढी श्वासमुळं वर आलेली, पाय ठेवायला जागा नाही. मुळांच्या जाळ्यात गाळ अडकतो, जमीन उंच होत जाते, मग मारांडीची काटेरी झुडपं येतात, खाडीच्या बाजूला कांदळ, हे कांदळवनातलंच दुसरं झाड. आणि आज अनोळखी माणूस तिथे गेला तर म्हणेल वा काय जुनं जंगल आहे.

तिवर आणि कांदळ, दोघं मिठाशी वेगवेगळ्या पद्धतीने वागतात हे मला फार आवडतं. कांदळ मुळातच मीठ अडवतो, मुळांच्या आवरणात बरंचसं मीठ गाळून बाहेरच ठेवतो. तिवर थोडं आत येऊ देतो आणि पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतो, उन्हाळ्यात दुपारी तिवराच्या पानावर बोट फिरवून चाटून बघा, मीठच. शाळेच्या सहलीला मुलांना हे करायला लावलं तर वीस मिनिटांच्या लेक्चरचं काम होतं.

पण सगळ्या खारावलेल्या शेतात तिवर येतो असं नाही, आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आमच्याच गावात दुसऱ्या टोकाला एक मोठा तुकडा आहे, तिथे खांड छोटी, पाणी फक्त उधाणाला आत जातं, भांगाच्या म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला पोचतच नाही. म्हणजे पंधरा दिवसांतून एकदा पाणी शिरतं, साठतं, सुकतं, मीठ मागे राहतं, परत शिरतं, परत सुकतं. तिथली माती खाडीच्या पाण्यापेक्षा खारट झालीय, आणि तिथे ना भात ना तिवर, मधे नुसती पांढरी करपलेली जमीन आणि कडेला मोरस, कुठेतरी एखादं खाकणाचं झुडूप. दुसरीकडे एका ठिकाणी रस्त्याच्या भरावामुळे पाणी अडलं, आत आलेलं बाहेर जाईना, तर तिथे चांगला वाढलेला तिवर उभा सुकला, कारण श्वासमुळं कायम पाण्याखाली, श्वास घेणार कुठून. तेव्हा खारं पाणी आलं की कांदळवन होतं हे अर्धवट आहे. पाणी येऊन जाऊन असलं तर कांदळवन, येऊन बसलं तर मिठागर नाहीतर डबकं. भात, तिवर की ओसाड, हे मिठापेक्षा पाण्याच्या ये-जा करण्यावर जास्त ठरतं असं माझं मत झालंय.

आता थोडं वाद होईल असं बोलते. कांदळवन चांगलं आहे, मला मान्य, माझ्या पोरांना मी तेच शिकवते, माशांची पिल्लं तिथे वाढतात, लाटा अडतात, गाळ धरला जातो. राज्याने २०१२ मध्ये कांदळवन कक्ष काढला, २०२० मध्ये पांढऱ्या चिपीला राज्याचं कांदळवृक्ष केलं, छानच. वनसर्वेक्षणाच्या अहवालात महाराष्ट्रातलं कांदळवन २०१३ ला १८६ चौरस किलोमीटर होतं ते २०२१ ला ३२४ झालं, त्यातली काही वाढ उपग्रहाचे फोटो चांगले झाल्यामुळे आणि काही जपणुकीमुळे असेल, पण ते आकडे वाचताना मला दर वेळी वाटतं यात आमचं शेत कितव्या दशांशात बसलंय. मुंबई हायकोर्टाने २०१८ च्या निकालात सांगितलं की जमीन कोणाच्याही मालकीची असो, कांदळवन तोडायचं नाही, भोवती पन्नास मीटर बांधकाम नाही. मुंबईत बिल्डर भराव टाकून जे करत होते ते बघता असा निकाल लागायलाच हवा होता. पण तोच नियम खारेपाटात आला की त्याचा अर्थ असा होतो की बांध वेळेत बांधला नाही म्हणून शेतात तिवर आला, आणि तिवर आला म्हणून आता शेत परत करता येत नाही. एका हंगामाचं पीक गेलं तर पंचनामा होतो. जमिनीवरचं झाडच बदललं तर त्याचा पंचनामा कसा करायचा हे मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी एकालाही सांगता आलं नाही, एकजण तर हसला.

म्हणून माझं म्हणणं फार साधं आहे. पहिले दोन पावसाळे. खांड पडल्यापासून तेवढाच वेळ असतो. त्यात बांध बुजवला तर पाऊस बाकीचं काम फुकट करतो, उघाडी साफ ठेवायची आणि गोडं पाणी शेतात भरून बाहेर सोडायचं, परत भरायचं, परत सोडायचं. तिवराची रोपं मोठी होऊन जंगल म्हणून मोजली जायच्या आत. टेंडर, अंदाजपत्रक, मंजुरी, ठेकेदार, मग पावसाळा आला म्हणून काम बंद, याला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तिवर छातीपर्यंत येतो. ज्यांच्या गावात बांध अजून शाबूत आहे त्यांनी सप्टेंबरच्या उधाणाआधी एकदा बांधावरून चालून बघा, ओली माती आतल्या बाजूला दिसली की समजायचं.

गोव्यात खाजनात, म्हणजे तिथल्या खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांत, हेच गणित जास्त हुशारीने चालायचं असं मला वाटतं. तिथे उघाडीला मानस म्हणतात, आणि भात कापला की गावकऱ्यांच्या मर्जीने खारं पाणी मुद्दाम आत घ्यायचे, त्यात मासे-कोळंबी मिळायची, गोड्या पाण्यातलं तण मरायचं, आणि पावसात परत धुवून कोरगुट लावायचा. कोरगुट म्हणजे उंच वाढणारा, कुसळांचा, मिठाला न डरणारा भात. म्हणजे खारं पाणी शत्रू नाही, फक्त कधी आत आणि कधी बाहेर हे माणसाच्या हातात पाहिजे. आता तिथेही मानशी मोडल्या की तेच चित्र, शेतात कांदळ.

आपल्याकडे तसा भात म्हणजे राता. लालसर तांदूळ, खायला जाड, पेज चांगली होते. आजी सांगायची खारात राताच लावायचा, रहू टाकायचा म्हणजे मोड आलेलं बी तसंच चिखलात फेकायचं, नांगरायच्या भानगडीत पडायचं नाही, कारण नांगरलं की खालचं मीठ वर येतं. कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पुढे पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ असे मीठ सोसणारे भात काढले, उत्पन्न रात्यापेक्षा चांगलं, आणि लोकांनी लावलेही. पण मग दुकानातून बियाणं आणायची सवय लागली, साधं पांढरं बी जास्त पिकतं म्हणून तेच सगळीकडे, आणि बांध शाबूत होता तोवर फरक पडला नाही. पहिल्यांदा पाणी शिरलं तेव्हा शेजारच्या एका म्हाताऱ्या काकूंचा राताचा छोटा तुकडा अर्धा तरी हाती लागला, आमचं सगळं गेलं.

भावाने आता घराजवळचा, अजून बांधाच्या आत असलेला तुकडा राताखाली आणायचं ठरवलंय. काकूंचं बी त्यांच्या मुलाने घर बांधताना टाकून दिलं, त्यामुळे शोध चालू आहे. पेण, अलिबाग, पनवेल, उरण कुठेही कोणाच्या कणगीत काळा राता किंवा भुरा राता बियाण्याचा असेल, पायलीभर सुद्धा, तर खाली लिहा. गेल्या हंगामातलंच पाहिजे, जुनं नको, उगवत नाही.